दहावीचा ग्रुप फोटो : तयारी आणि एक दुरुस्ती

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही, असे संपादक मंडळाने सांगितले. संस्थेचा, इमारतीचा, निकालांचा इतिहास लिहिणारी जाणती माणसे आपल्यात आहेत. मी फक्त एका फोटोचा इतिहास लिहिणार आहे. इयत्ता दहावी ‘अ’, १९८३–८४. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो असेल. त्याखालच्या नावांमध्ये एक चूक आहे आणि ती चूक माझी आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या भागात कॅमेरा आला तो राजेरजवाड्यांसाठी. हैदराबादच्या सहाव्या निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. तेव्हा आपले गाव मोमिनाबाद, निजामी फौजेची छावणी. असल्या ठिकाणी फोटो निघायचा तो सरदाराचा, साहेबाचा किंवा पलटणीचा. साध्या घरातल्या माणसाचा चेहरा कागदावर उतरला तो फार उशिरा, आणि पुष्कळदा शाळेमुळे. आमच्या घरी आजोबांचा एकही फोटो नाही. वडिलांचा पहिला फोटो त्यांच्या मॅट्रिकच्या वर्गाचा. त्याखाली गावाचे नाव ‘मोमिनाबाद’ असे छापले आहे. जुन्या फोटोवर साल नसले, तरी गावाच्या नावावरून काळाचा अंदाज येतो तो असा.

वडिलांच्या वेळी शेवटचा वर्ग मॅट्रिकचा. नंतर अकरावीची एस.एस.सी. आली. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि निरोपाचा फोटो एक इयत्ता खाली सरकला. त्यामुळे आपल्या फोटोतली पोरे वडिलांच्या फोटोतल्या पोरांपेक्षा लहान दिसतात. त्यांच्यातल्या काहींना मिशा आहेत. आपल्यात एकालाच होती, आणि कोणाला ते सांगायची गरज नाही.

आता तयारीविषयी. फोटो फेब्रुवारीत काढायचे ठरले. मंडी बाजारातले फोटोग्राफर आठवडाभर आधी मैदान पाहून गेले. सकाळी नऊच्या आत सगळे उभे पाहिजेत, असे त्यांनी बजावले. ऊन वर चढले की कपाळाची सावली डोळ्यांत पडते आणि फोटोत डोळ्यांच्या खाचा होतात. पांढऱ्या शर्टाला जास्त नीळ घालू नका, असेही म्हणाले. घरी आयांनी ते ऐकले नाही. इस्त्री मोजक्याच घरांत. बाकीच्यांनी तांब्यात निखारे घालून शर्टावर फिरवला, नाहीतर घडी करून रात्री गादीखाली ठेवला. मुलींमध्ये रिबिनींची देवाणघेवाण चालली होती. एकीच्या अफगाण स्नोच्या डबीत पाच जणींची बोटे बुडाल्याचे परवाच एका मैत्रिणीने सांगितले. न्हाव्याकडे आदल्या रविवारी रांग लागली. त्यामुळे फोटोत निम्म्या वर्गाचे कान उघडे पडले आहेत.

दोन दिवस आधी मैदानावर तालीम झाली. पी.टी.च्या सरांनी उंचीप्रमाणे रांगा लावल्या. पुढे सतरंजी, मग सर-बाईंच्या खुर्च्या, त्यामागे जमिनीवर उभी तिसरी रांग, आणि सगळ्यांत मागे बाकांवर चौथी. प्रत्येकाची जागा ठरली. मी वर्गप्रमुख. वर्गशिक्षकांनी मला वही दिली आणि म्हणाले, “डावीकडून क्रमाने नावे लिहून घे, यादी आजच छापखान्यात द्यायची आहे.” कारण साधे होते. निरोप समारंभाच्या दिवशी फोटो हातात पडायला हवे होते, आणि खिळे जुळवून पुठ्ठ्यावर नावे छापायला वेळ लागायचा. म्हणजे नावे आधी छापली गेली आणि फोटो नंतर निघाला. तिसऱ्या रांगेत मी बारा नावे लिहिली. सातवे नाव माझ्या बाकावरच्या मित्राचे होते. त्याचे नाव इथे छापू नये, असे त्याने सांगितले आहे.

वर्गणी पाच रुपये होती. गोळा करण्याचे काम माझ्याकडेच. आज ही रक्कम हसण्यासारखी वाटते, पण रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या घरात ती जवळजवळ दिवसाची मजुरी होती. फोटोच्या आदल्या दिवशी तीन जणांची बाकी राहिली. मला कोणी सांगितले नव्हते, तरी मी मधल्या सुट्टीआधी फळ्यापाशी उभा राहून ती तीन नावे मोठ्याने वाचली. वाचताना मला मोठे झाल्यासारखे वाटले, हे आजही आठवते. पाठीमागून कोणीतरी हसले. दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे आणून दिले. तिसरा आलाच नाही.

फोटोच्या सकाळी लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर चढला. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरले. आत काचेवर आपण सगळे उलटे, डोके खाली पाय वर असे दिसतो, हे त्यांनीच सांगितले आणि वर्ग हसत सुटला. सातव्या जागी फट दिसत होती. पी.टी.चे सर म्हणाले, “सरका रे इकडे.” सातव्याच्या पुढचे सगळे एकेक जागा डावीकडे सरकले. माझी जागा नववी होती, मी आठवा झालो. यादी तोवर छापखान्यात गेली होती. ती बदलायला हवी, हे मला त्याच क्षणी कळले होते. मी बोललो नाही. बोललो असतो तर तो का आला नाही, हा प्रश्न निघाला असता.

या एका फटीने काय केले पाहा. तिसऱ्या रांगेत चेहरे अकरा आणि नावे बारा आहेत. सातव्या चेहऱ्याखाली माझ्या मित्राचे नाव आहे, जो तिथे नव्हता. माझ्या चेहऱ्याखाली शेजाऱ्याचे नाव आहे. आणि बारावा, जो त्या सकाळी सगळ्यांत आधी आला होता आणि ज्याने बाक उचलून आणले, त्याच्या नावासमोर चेहराच नाही. त्याच्या मुलाने लहानपणी विचारले होते म्हणे, “बाबा, त्या दिवशी तुम्ही शाळा बुडवली होती का?”

मेळाव्यासाठी पत्ते जमवताना त्या मित्राचा नंबर मिळाला. तो गावीच असतो, सोयाबीन करतो, मुलगी नर्स आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी फोटोचा विषय काढला. पैसे नव्हते म्हणून आला नाहीस, असेच मी इतकी वर्षे धरून चालत होतो.

तो म्हणाला, “पैशे व्हते की रे. मायनं पदराच्या गाठीतून काढून दिले व्हते रात्री. शर्ट बी व्हता. पर तू नाव वाचलंस अन् पोरं हसले. मंग म्हनलं, जाऊ दे.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, “आता कशाला?” जरा थांबून म्हणाला, “त्या पाच रुपयांचं मी जिओमेट्रीचं गाइड घेतलं. पास झालो की त्याच्यावर.” मेळाव्याला येतोस का, असे विचारले, तर पेरणीचे बघून सांगतो म्हणाला.

मुक्तिसंग्रामाच्या काळात स्वामी रामानंद तीर्थांनी याच गावात मुख्याध्यापक म्हणून मुले घडवली, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो आणि तो केलाच पाहिजे. पण वर्गाचा इतिहास लिहायला कोणी मोठा माणूस येत नाही. तो वर्गप्रमुखाच्या वहीत असतो. तिथे मी चुकलो, तर पुठ्ठ्यावर छापलेले चाळीस वर्षे खरे मानले जाते. म्हणून दोन गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, मेळाव्याचा फोटो काढल्यावरच, समोर पाहून नावे लिहावीत. वर्गणीची बाकी कोणी वाचून दाखवू नये.

दुसरी, ज्यांच्याकडे जुना फोटो आहे त्यांनी पुढील दुरुस्ती पेनाने करून घ्यावी. तिसरी रांग, उभे, डावीकडून : सातवे नाव गाळावे. आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे प्रत्येक नाव एकेक जागा अलीकडे वाचावे. गाळलेले नाव खाली कोपऱ्यात लिहावे आणि त्यापुढे ‘वर्गात होता, फोटोत नाही’ एवढे लिहावे.