परवलीचें वचन

संकटाच्या वेळीं देवावर भरंवसा ठेवावा असें सांगणारे ग्रंथ सर्व धर्मांत विपुल आहेत. परंतु ज्या दिवशीं कांहींच विशेष घडत नाहीं त्या दिवशीं, चूल पेटवितांना किंवा दुकानाची फळी उघडतांना, तो भरंवसा मनांत जागा कसा ठेवावा हा प्रश्न अधिक अवघड आहे. मोठा शोक मनुष्यास आपोआप देवाच्या दाराशीं नेतो; रोजची लहानसहान चिंता मात्र त्याला त्या दारापासून नकळत दूर घेऊन जाते. म्हणूनच नित्यपाठाचें महत्त्व. वारकऱ्याच्या आयुष्यांत हरिपाठाचें स्थान काय आहे हें महाराष्ट्रांतील वाचकास सांगावयास नको. ख्रिस्ती समाजांतहि असा एक नित्यपाठ जवळजवळ तीनशें वर्षें अखंड चालत आला आहे. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण श्रद्धा कोठें संपते आणि शकुन पाहणें कोठें सुरू होतें, ह्या नाजूक प्रश्नावरहि त्यानें पुष्कळ प्रकाश पडतो.

ह्या नित्यपाठाचें मूळ बोहेमिया व मोराव्हिया ह्या प्रांतांत आहे. तेथील धर्मसुधारक यान हुस ह्यास १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या अनुयायांपैकीं कांहीं शांतताप्रिय मंडळींनीं १४५७ च्या सुमारास आपला एक बंधुसंघ स्थापिला. पुढें १६२० सालीं प्राग शहराजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईंत तेथील प्रॉटेस्टंट पक्षाचा पाडाव झाला आणि ह्या संघावर देशत्यागाची पाळी आली. सुप्रसिद्ध शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस हा ह्याच संघाचा धर्माध्यक्ष. त्यानेंहि आपलें उत्तरायुष्य परदेशांत काढलें. जे मागें राहिले त्यांनीं आपलें शास्त्र लपवून ठेविलें व मुलांना तें गुप्तपणें शिकविलें. अशा रीतीनें शंभर वर्षें लोटलीं.

१७२२ सालीं ह्या गुप्त भक्तांपैकीं कांहीं कुटुंबें सीमा ओलांडून जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत आलीं. तेथील तरुण जहागीरदार काउंट झिंझेन्डोर्फ ह्यानें त्यांना आपल्या जमिनींत आश्रय दिला. ख्रिस्तियन डेव्हिड नांवाच्या सुतारानें पहिलें झाड तोडलें आणि तेथें एक वसाहत उभी राहिली. तिचें नांव हेर्नहूट. ह्या नांवांत प्रभूचें रक्षण आणि प्रभूचा पहारा असे दोन्ही अर्थ येतात. परंतु छळांतून सुटलेलीं माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांच्यांत गोडीगुलाबी नांदतेच असें नाहीं. पांच वर्षांच्या आंत वसाहतींत मतामतांचा इतका गलबला माजला कीं, झिंझेन्डोर्फला दरबारची नोकरी बाजूस ठेवून तेथें येऊन राहावें लागलें. त्यानें घरोघर फिरून माणसांना एकमेकांशीं बोलतें केलें. १३ ऑगस्ट १७२७ रोजीं जवळच्या बेर्टेल्सडोर्फ गांवच्या देवळांत सर्वांनीं एकत्र प्रभुभोजन घेतलें. त्या दिवसापासून दुभंगलेलीं मनें सांधलीं गेलीं असें हा समाज मानतो.

समेट एका दिवसांत होऊं शकतो. तो टिकवावा लागतो मात्र रोज. ३ मे १७२८ च्या संध्याकाळीं झिंझेन्डोर्फनें भजनाच्या वेळीं जमलेल्या मंडळीस दुसऱ्या दिवसासाठीं एक वचन दिलें. सैन्याच्या छावणींत पहारेकऱ्यांना परवलीचा शब्द देतात, त्याच अर्थाचा 'लोझुंग' हा शब्द त्यानें ह्या वचनास योजिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें वचन घरोघर पोंचविण्यांत आलें. वसाहतींत त्या वेळीं अवघीं बत्तीस घरें होतीं. पुढें हा परिपाठच पडला. वचन कधीं शास्त्रांतील असे, कधीं भजनांतील. वचन घेऊन जाणारा बंधु केवळ तें सांगून परत फिरत नसे. घरांत कोण आजारी आहे, कोणाचें मन खचलें आहे, ह्याचीहि तो विचारपूस करी. तेव्हां ह्या नित्यपाठाचा जन्म ग्रंथांत झाला नाहीं. तो शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर झाला.

१७३१ सालापासून हीं वचनें वर्षभरासाठीं आगाऊ छापण्यांत येऊं लागलीं. त्या पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकाचा आरंभ 'उत्तम धीर' अशा अर्थाच्या शब्दांनीं होतो. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायांत, ज्याचें मन उल्हसित आहे त्याला नित्य मेजवानीच आहे, अशा अर्थाचें एक वचन आहे. ल्यूथरच्या भाषांतरांतील त्याचेच शब्द त्या शीर्षकांत घेतलेले आहेत. निर्वासितांच्या ताटांत मेजवानी बहुधा नव्हतीच. परंतु धीर हें देखील अन्न आहे आणि तें रोज वाढावें लागतें, हा त्यांचा अनुभव त्या नांवांत उतरला आहे.

ह्या अन्नावर पोसलेलीं माणसें कशीं होतीं ह्याची साक्ष एका परक्यानेंच देऊन ठेविली आहे. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली हा १७३६ च्या जानेवारींत जहाजानें अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतीकडे जात होता. त्याच जहाजावर कांहीं मोराव्हियन मंडळी होती. ती भजनास बसली असतां समुद्र खवळला. मुख्य शीड फाटून पाणी जहाजावर आलें. इंग्रज उतारूंनीं एकच आकांत केला, परंतु मोराव्हियन मंडळीचें भजन थांबलें नाहीं. तुम्हांस भय वाटलें नाहीं काय, असें वेस्लीनें मागाहून त्यांतील एकास विचारलें. आमच्या बायकामुलांनाहि मरणाचें भय वाटत नाहीं, असें त्यानें सौम्यपणें सांगितलें. वेस्ली हा धर्मोपदेशक होता. पण आपल्याजवळ ही वस्तु नाहीं हें त्याला त्या दिवशीं कळून चुकलें.

येथपर्यंतची हकीकत गोड आहे. पण इतिहासकारानें गोड तेवढेंच सांगून थांबूं नये. हीं रोजचीं वचनें निवडण्याची रीत कोणती? जुन्या करारांतील सुमारे अठराशें वचनांचा एक संग्रह केलेला आहे. त्यांतून चिठ्ठ्या काढून प्रत्येक दिवसाचें वचन ठरवितात. हें काम हेर्नहूट येथें आजहि होतें, आणि तेंहि कांहीं वर्षें आधीं. मग त्यास साजेसें दुसरें वचन नव्या करारांतून विचारपूर्वक निवडण्यांत येतें. ह्यावर कोणीहि विचारील कीं, देवळांत कौल लावणें आणि ही चिठ्ठी ह्यांत भेद काय? प्रश्न रास्त आहे. अठराव्या शतकांत ह्या समाजांत विवाहासारख्या गोष्टीहि चिठ्ठी टाकून ठरत, आणि त्यांतून दुःखेंहि निपजलीं. अखेर १८१८ सालच्या महासभेनें विवाहाच्या बाबतींतील ती सक्ती बहुतेक ठिकाणीं उठविली. रोजच्या वचनाची चिठ्ठी मात्र राहिली. आणि ती राहिली हेंच योग्य झालें, असें मला वाटतें. विवाहाच्या चिठ्ठीनें मनुष्याचा निर्णय त्याच्या हातांतून काढून घेतला होता. वचनाची चिठ्ठी निर्णय त्याच्याच हातीं ठेवते, फक्त त्याच्या आवडीनिवडीस मध्यें येऊं देत नाहीं. स्वतः वचन निवडावयाचें म्हटलें म्हणजे रागावलेला मनुष्य शत्रूच्या नाशाचें वचन काढील आणि आळशी मनुष्य विश्रांतीचें. कित्येक वर्षें आधीं काढलेली चिठ्ठी कोणाची भीड धरीत नाहीं.

तथापि रोज वचन वाचणारा चुकत नाहीं असें नाहीं, आणि त्याच्यावर संकट येत नाहीं असेंहि नाहीं. १७३२ सालीं हेर्नहूटहून दोन बंधु वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावर गुलामांना शुभवर्तमान सांगण्यास गेले. हेतु थोर होता; पण पुढें थोड्याच वर्षांत त्या मिशननेंच तेथें मळा घेतला आणि त्यावर गुलाम राबविले. रोजच्या वचनानें त्यांच्या डोळ्यांवरची ती झांपड उतरविली नाहीं. उलट पक्षीं, अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत ग्नाडेनह्यूटन येथें राहणाऱ्या डेलावेअर जातीच्या मोराव्हियन ख्रिस्ती लोकांनीं कोणाचा अपराध केला नव्हता. गोऱ्या शिबंदीनें त्यांना पकडून मृत्यूची शिक्षा सुनावली. त्यांनीं ती रात्र प्रार्थनेंत व भजनांत घालविली. आणि ८ मार्च १७८२ रोजीं स्त्रिया व मुलें धरून ९६ जणांची कत्तल झाली. देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे विमा उतरविणें नव्हे, ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आपल्या भाषेशींहि ह्या समाजाचा एक दूरचा धागा जुळतो. विल्यम कॅरीनें १७९२ सालीं आपल्या प्रसिद्ध निबंधांत मोराव्हियन प्रचारकांचें उदाहरण देऊन इंग्लंडांतील मंडळीस कामास प्रवृत्त केलें. तोच कॅरी पुढें बंगालमध्यें श्रीरामपुरास आला. त्यानें मराठीचें व्याकरण व कोश रचिले, आणि १८११ सालीं तेथील छापखान्यांतून नवा करार मराठींत बाहेर पडला.

पण ह्या नित्यपाठाची खरी कसोटी विसाव्या शतकांत लागली. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ हीं वचनें रोज वाचीत असे. लहानपणीं त्याला सांभाळणारी बाई मोराव्हियन संस्कारांतली होती. हिटलरच्या राजवटीचा तो उघड विरोधक. १९३९ च्या जूनमध्यें मित्रांनीं त्याला सुरक्षित राहण्यासाठीं न्यूयॉर्क येथें बोलाविलें. तेथें त्याचें मन लागेना. राहावें कीं परतावें? ज्या दिवशीं त्यानें तेथील कामास नकार दिला त्या दिवशींचें वचन, त्याच्या रोजनिशीप्रमाणें, सांत्वनाचें नव्हतें. तें देवाच्या कठोर न्यायाविषयींचें होतें. आपल्या निर्णयामागचे खरे हेतु आपणांसच नीट कळत नाहींत, अशी कबुलीहि त्यानें तेथें दिली आहे. पुढें थोड्या दिवसांनीं तीमथ्यास लिहिलेलें पत्र वाचतांना, हिवाळ्यापूर्वीं येण्याची पौलाची विनंति त्याच्या दृष्टीस पडली. ती आपणांसच केली आहे असें मानल्यास शास्त्राचा दुरुपयोग होणार नाहीं, असें त्यास वाटलें. जुलैच्या आरंभीं तो जर्मनीकडे परत निघाला.

ह्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वचनानें त्याला मार्ग दाखविला असें तो म्हणत नाहीं. निर्णय त्यानें स्वतः केला. वचनानें त्याला स्वतःची फसवणूक करूं दिली नाहीं. १९४३ च्या एप्रिलमध्यें त्याला अटक झाली. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरला मारण्याचा कट फसला आणि आपली अखेर जवळ आली हें बोनहोफरनें ओळखलें. त्या दिवसाचें वचन विसाव्या स्तोत्रांतील होतें: रथांवर व घोड्यांवर नव्हे, तर परमेश्वराच्या नामावर विसंबणाऱ्यांविषयींचें. दुसऱ्या दिवसाचें वचन मेंढपाळाच्या सुप्रसिद्ध तेविसाव्या स्तोत्राचें पहिलेंच. दोन्ही फार पूर्वीं चिठ्ठीनें ठरलेलीं! २१ तारखेस मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें ह्या वचनांचा कृतज्ञतेनें उल्लेख केला. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला फांशीं देण्यांत आलें. मेंढपाळाच्या वचनानें त्याचा फांस चुकविला नाहीं.

महिन्याभरांतच, महायुद्ध संपतां संपतां, हेर्नहूटचें प्रार्थनामंदिरहि आगींत भस्म झालें. मंदिर मागाहून पुन्हां उभें राहिलें. वचनांची परंपरा मात्र खंडितच झाली नाहीं. आज तें लहानसें पुस्तक पन्नासांहून अधिक भाषांत निघतें.

परवलीच्या शब्दानें शत्रु मरत नाहीं कीं रात्र लहान होत नाहीं. अंधारांत समोर उभा असलेला आपलाच आहे एवढें त्यानें ओळखूं येतें, आणि पहारेकरी आपल्या जागेवर उभा राहतो. हेर्नहूटच्या बत्तीस घरांना रोज सकाळीं मिळत होतें तें एवढेंच. आणि तीनशें वर्षांच्या अनुभवावरून पाहतां, श्रद्धाळू मनुष्यानें ह्याहून अधिक मागूं नये, व ह्याहून कमीवर समाधानहि मानूं नये.