निजामशाही नगरातील पाणी आणि आरोग्य

मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये वसवलेले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. सीना नदी वर्षातील बराच काळ कोरडी असल्यामुळे बाहेरून पाणी आणणे अपरिहार्य होते. कापूरवाडी, वडगाव, शहापूर, भिंगार अशा आसपासच्या गावांच्या शिवारातून भाजलेल्या मातीचे खापरी नळ टाकून ते शहरात आणले गेले. पाणी केवळ जमिनीच्या उताराने वाहत असे. नळांत कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते.

बंद नळांमुळे पाणी ऊन, धूळ आणि जनावरांपासून सुरक्षित राहत असे. मात्र सांधे फुटले की आजूबाजूची घाण आत शिरण्याचा धोका होता. म्हणून देखभाल हाच या व्यवस्थेचा प्राण होता.

हेच पाणी इमारतींना गारवाही देत असे. 1583 च्या सुमारास पूर्ण झालेला फराहबाग महाल तलावाच्या मधोमध उभारला होता. जाड भिंती, उंच घुमटाखालील दालन आणि पाण्यावरून येणारा वारा यांमुळे उन्हाळ्यातही आत सुसह्य वाटे.

पुढे राजसत्ता गेली, देखभाल थांबली आणि बहुतेक नळ निकामी झाले. आज शहराची तहान मुळा धरण भागवते. तरीही नगररचना, पाणी आणि आरोग्य यांचा एकत्र विचार करणारी ही व्यवस्था जतन आणि अभ्यास या दोन्हींस पात्र आहे.