फ्राइट नाइट (२०११)

क्रेग गिलेस्पी दिग्दर्शित अमेरिकी भयपट. टॉम हॉलंड यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या, त्याच नावाच्या १९८५ च्या चित्रपटाचा हा रीमेक होय. पटकथा मार्टी नॉक्सन यांची, छायालेखन हाविएर आगिरेसारोबे यांचे, संगीत रामीन जवादी यांचे. ड्रीमवर्क्सनिर्मित हा चित्रपट १९ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत थ्रीडीत प्रदर्शित झाला. कथेचा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे : शेजारी राहायला आलेला देखणा जेरी हा रक्तपिशाच्च आहे हे चार्ली ब्रूस्टर या शाळकरी मुलाला कळून चुकते, पण ते कोणालाच पटत नाही, आणि शेवटी तो पीटर व्हिन्सेंट या प्रसिद्ध माणसाकडे मदत मागायला जातो. हा सांगाडा कुठेही रुजू शकतो. मुंबईत विनोद तलवार यांनी १९८९ मध्ये त्यावरच ‘वोही भयानक रात’ हा हिंदी चित्रपट काढला. म्हणूनच रीमेकची पारख करताना गोष्ट किती जुळते हे पाहण्यात अर्थ नाही. ती कोणत्या वस्तीत नेऊन ठेवली आणि तिथे तिला काय नवे सापडले, हे पाहायला हवे. या कसोटीवर गिलेस्पींचा चित्रपट त्याच्या लौकिकापेक्षा बराच सरस ठरतो.

मूळ चित्रपटाचा भडकपणा जाणूनबुजून पत्करलेला होता. पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या दोन भयपट-नटांच्या नावांवरून पीटर व्हिन्सेंट हे नाव घेतले होते. रॉडी मॅकडॉवलने रंगवलेला हा पीटर म्हणजे उतरती कळा लागलेला नट. रात्री उशिरा टीव्हीवर जुने भयपट सादर करून तो पोट भरतो आणि पोरांना आता फक्त मुखवटेधारी खुनी हवेत म्हणून हळहळतो. मुलींच्या मागे सुरा घेऊन धावणाऱ्या खुन्यांच्या त्या दशकात हॉलंड यांनी शवपेटी, धुके, क्रूस, वटवाघूळ हा सगळा जुना सरंजाम प्रेमाने पुन्हा मांडला. क्रिस सॅरंडनचा जेरी रुबाबदार होता, सफरचंदे खायचा, आणि चार्लीच्या मैत्रिणीत आपली हरवलेली प्रेयसी शोधायचा. रीमेकने ही गंमत घालवली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. गंमत गेली हे खरे, पण ती तशीच ठेवता आली नसती. २००८ पासून ‘ट्वायलाइट’ मालिकेने प्रेमविव्हल रक्तपिशाच्च घरोघरी पोचवला होता. हॉलंड यांनी जसे आपल्या काळातल्या खुनीपटांना उत्तर दिले, तसे नॉक्सन यांना या हळव्या नायकाला उत्तर द्यायचे होते. कॉलिन फॅरलच्या जेरीला म्हणूनच प्रेयसी नाही, विरह नाही. त्याला फक्त भूक आहे.

नवी वस्ती म्हणजे लास व्हेगसच्या बाहेर, वाळवंटात उभारलेली एकसारख्या घरांची वसाहत. (चित्रीकरण प्रत्यक्षात न्यू मेक्सिकोत झाले.) १९८५ च्या जेरीचे घर जुने, उंच, बघताक्षणी संशय यावा असे होते, इथे त्याचे घर शेजारच्या घरापासून वेगळे ओळखू येत नाही. काचा काळ्या केल्या आहेत, पण रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांच्या गावात त्याचे कोणाला काय वाटणार? वर्गात हजेरी घेताना मुले गैरहजर असतात आणि शिक्षक पुढचे नाव पुकारतात. घर रिकामे झाले तर माणसे सोडून गेली असतील, असेच सगळे धरून चालतात. घरांच्या बाजारातील कोसळीचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या अमेरिकी शहरांत लास व्हेगस होते, हे लक्षात घेतले की ही पार्श्वभूमी किती नेमकी निवडली आहे ते कळते. हा अर्थ बाहेरून लादलेला आहे, असे कोणी म्हणेल. पण चार्लीची आई घरे विकण्याचाच व्यवसाय करते, आणि घरविक्रीच्या पाटीची टोकदार दांडीच ती जेरीच्या अंगात खुपसते. बोलावल्याशिवाय घरात शिरता येत नाही या जुन्या नियमावर तर जेरी सरळ तोड काढतो : अंगण खणून गॅसची नळी उपसतो आणि घरच पेटवून देतो. घर उरले नाही, की परवानगीही लागत नाही. चित्रपटातला सर्वांत हुशार प्रसंग मात्र त्याआधीचा, आणि अगदी साधा आहे. जेरी मागच्या दाराशी बीअर उसनी मागायला येतो, हसतखेळत बोलतो, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नाही. चार्ली आत ये म्हणत नाही. शेजारधर्म आणि जीव यांतले एक निवडायची वेळ स्वयंपाकघरात येते आणि कोणीही आवाज चढवत नाही.

रीमेक खरोखर फसतो तो पीटर व्हिन्सेंटच्या बाबतीत. मूळ चित्रपटात पीटरच्या हातचा क्रूस निरुपयोगी ठरतो, कारण धरणाऱ्याचा त्यावर विश्वास नसतो; त्या भित्र्या म्हाताऱ्याला विश्वास गवसणे हाच कथेचा कणा होता. डेव्हिड टेनंटचा पीटर लास व्हेगसचा जादूगार आहे, टेनंट त्यात जानही ओततो, पण त्याच्या आईवडिलांना जेरीनेच मारल्याचे उघड होते आणि श्रद्धेच्या प्रश्नाचा सूड होऊन जातो. हा योगायोग पटत नाही. जेरीचा सोबती बिली कोल वगळल्याने पहिल्या चित्रपटात दोन पुरुषांच्या सहजीवनाला असलेली सूचक छटाही गेली. उलट एडची बाजू इथे बळकट झाली आहे. वर्गात भाव मिळावा म्हणून चार्लीने या मित्राला तोडलेले असते. एड नाहीसा झाल्यावरच त्याला जाग येते, आणि वसाहतीच्या बेपर्वाईत आपलाही वाटा असल्याचे त्याला पाहावे लागते.

चित्रपट चालला नाही म्हणजे त्याची गरज नव्हती, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ४.१ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता हा तोटाच. १९८५ च्या चित्रपटाने सुमारे ९० लाखांच्या खर्चावर एकट्या अमेरिकेत जवळपास अडीच कोटी मिळवले होते. पण गल्ल्याच्या आकड्यांतून त्या मागच्या दाराच्या प्रसंगाचे मोल कळत नाही. २०१३ मध्ये याच नावाखाली ‘न्यू ब्लड’ हा पुढचा भाग थेट घरगुती व्हिडिओवर आला. त्याने वसाहत सोडून कथा रुमानियात नेली, आणि २०११ च्या चित्रपटाने मिळवलेली एकमेव नवी गोष्ट गमावली.