ऑनलाइन छळ: शरीरावर काय होते आणि घरच्यांनी काय करावे

छातीत धडधडते, रात्री झोप येत नाही, असे सांगत कळंबोलीतल्या माझ्या दवाखान्यात आईसोबत तरुण मुली येतात. काहींचा ईसीजी, थायरॉईड सगळे नॉर्मल निघते. मग मी विचारते, "मोबाइलवर कुणी त्रास देतंय का?"

घाणेरडे मेसेज, फोटोत फेरफार, बलात्काराच्या धमक्या हा शरीराच्या लेखी खराच धोका असतो, त्यामुळे ॲड्रेनलिन वाढते. नाक्यावरचा टवाळखोर निदान घरी आल्यावर मागे राहतो. मोबाइल उशाशीच असतो.

लोक असे का वागतात?

1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या ॲपवर शंभराच्या आसपास मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावासाठी' टाकले गेले. त्यांत पत्रकारही होत्या. मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांत ज्यांना अटक केली, त्यांत बंगळुरूत शिकणारा 21 वर्षांचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडची 18 वर्षांची मुलगीही. छळ करणारा म्हणजे कुणी सराईत गुंड, हा समज सोडा. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये मांडले होते की नाव लपले आणि समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला की माणसाचा संकोच सुटतो. मला त्याहून मोठे कारण वाटते ते बघ्यांचे. हसण्याचे इमोजी मिळाले की पुढची पोस्ट आणखी खालच्या पातळीवर जाते. बाईने गप्प बसावे हा हेतू तर बरेचदा उघडच असतो. कधी नकार पचवू न शकलेला ओळखीचाच मुलगा निघतो.

घरच्यांनी काय करावे?

"तूच फोटो का टाकलास?" हा प्रश्न नको. मोबाइलही काढून घेऊ नका. ती शिक्षा तिलाच होते, आणि पुढचा त्रास ती तुमच्यापासून लपवते.

उलट उत्तर देऊ नका. ब्लॉक करण्याआधी तारीख, वेळ आणि प्रोफाइल दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. नको म्हटल्यावरही वारंवार मेसेज करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी?

दोन आठवडे झोप नीट नसेल किंवा कॉलेज, नोकरी बंद पडली असेल तर दाखवा. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. "जगून काय उपयोग" असे ती बोलली तर त्याच दिवशी या, तिला एकटी ठेवू नका. रात्र असेल तर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. तिथे चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.