स्मृतिभ्रंश आणि रक्तवाहिन्या

इंदूरहून उत्तरेस उज्जैनकडे निघणाऱ्या सांवेर रोडवर बाणगंगेपाशी शासकीय मनोरुग्णालय आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की कारखान्यांची वसाहत लागते. तींत औषधे तयार करणारे कारखानेही आहेत. म्हातारपणी ज्याची स्मृती ढळली त्याचे दुखणे केवळ मनाचे समजावे, की रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळीशीही त्याचा काही संबंध आहे, या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

होळकरांच्या राज्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांनी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण बरोबरच आणली. म्हण सोयीची खरी, पण तिने एक अनर्थ केला. विस्मृती हा वयाचा धर्म ठरला, आणि मग वैद्याला विचारावयाचे कारणच उरले नाही.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपले आडनावही सांगता येईना. साठी अद्याप दूरच होती. तेथील डॉक्टर अलोइस आल्झायमर यांनी तिची उत्तरे टिपून ठेवली आणि १९०६ साली ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींत गुंतलेले धागे आणि पेशींबाहेर साचलेली पुटे त्यांना दिसली. याच दोन खुणांमुळे पुढे रोगाला त्यांचे नाव मिळाले. परंतु मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या, असेही त्यांनी आपल्या टिपणात नमूद केले होते. हे वाक्य पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेले. विस्मृतीच्या रोगाच्या इतिहासात असे व्हावे, हा विलक्षण योगायोगच म्हटला पाहिजे.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात ‘आल्झायमरचा रोग’ हे नाव रूढ केले. तथापि ते तरुण वयात होणाऱ्या विस्मृतीपुरतेच राहिले. वृद्धांच्या विस्मृतीचा दोष मात्र पुढील अर्धशतक सरसकट रक्तवाहिन्यांच्या माथी मारला जात असे. १९६८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांचे मेंदू तपासून दाखविले की, तीच पुटे म्हाताऱ्यांतही विपुल असतात. १९७६ साली कॅट्झमन यांनी दोन्ही रोग एकच असल्याचे ठामपणे मांडले. पारडे पूर्ण फिरले, आणि रक्तवाहिन्या जणू निर्दोष सुटल्या.

त्यांची पुन्हा झडती झाली ती अमेरिकेतील नोत्र दाम संघाच्या शिक्षिका-भगिनींमुळे. सहाशे अठ्ठ्याहत्तर जोगिणींनी मरणोत्तर मेंदू देण्याचे मान्य केले. एकाच प्रकारचे अन्न, एकाच प्रकारची दिनचर्या, व्यसन नाही. संशोधनाला याहून चांगली माणसे कोठून मिळणार? १९९७ साली स्नोडन यांनी त्यांतील १०२ जणींच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या मेंदूत आल्झायमरच्या खुणा होत्या, त्यांत रक्तपुरवठा तुटल्याचे लहानसे व्रणही असले तर बुद्धिभ्रंश कितीतरी अधिक आढळला. पुटे तेवढीच, पण व्रणाने तोल गेला.

मग रोग जडलेल्या माणसाचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आवरले तर स्मृती परत येईल काय? येथे अतिआशा करू नये. हॉलंडमध्ये अशा १३० रुग्णांवर दोन वर्षे हा प्रयोग झाला. रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेत फरक पडला नाही. मात्र मेंदूच्या चित्रांत पांढऱ्या भागातील बिघाड तुलनेने मंद गतीने वाढला. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांनीही आल्झायमरच्या रुग्णांची घसरण थांबल्याचे मोठ्या प्रयोगांत दिसले नाही. रोग होण्यापूर्वीची गोष्ट अंमळ वेगळी आहे. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवला असता सौम्य बौद्धिक घट कमी आढळली; प्रत्यक्ष बुद्धिभ्रंशातील फरक मात्र निश्चित म्हणण्याजोगा नव्हता.

एवढ्यावरून “आता आजोबांना काय उपयोग?” असे म्हणून घरची मंडळी रक्तदाबाची गोळी बंद करतात, तेव्हा त्यांचा हिशेब चुकतो. पक्षाघाताचा धोका विस्मृतीने कमी होत नाही. उलट एका झटक्याने उरलीसुरली हालचालही जाते. आणि दुसरी चूक अतिउपचाराची. उतारवयात रक्तदाब फार उतरला तर उठता क्षणीच माणूस कोसळतो, आणि साखर फार उतरली तर घाम, कंप, गोंधळ हे आजोबांना सांगताच येत नाही. घरचे त्याला रोगाचाच भाग समजतात. म्हणून मापे वयाला व प्रकृतीला जुळतील अशी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागतात, आणि रक्तदाब बसून तसाच उभे राहूनही मोजावा लागतो.

गोळीचा प्रश्न याहून साधा असतो. आजोबा सकाळी घेतलेली गोळी विसरून दुपारी पुन्हा घेतात, किंवा न घेताच “घेतली” म्हणून सांगतात. त्यामुळे वारांप्रमाणे खण असलेली डबी सुनेकडे किंवा मुलाकडे राहते, आणि आजोबांसमोर पाण्याचा पेला येतो तेव्हाच खण उघडला जातो.