रात्री उभी असलेली गाडी

विजेची गाडी घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: चार्ज व्हायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या शहरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी तो एकदा सोडवून पाहिला होता. १८९७ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर विजेच्या भाडोत्री गाड्या आल्या. शिसे आणि आम्लाची बॅटरी अर्ध्या टनाच्या घरातली, चार्ज व्हायला कित्येक तास. म्हणून गाडी ब्रॉडवेवरच्या ठाण्यात शिरली की यंत्राने रिकामी बॅटरी बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची. काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. आजच्या बहुतेक जलद चार्जरांनाही ही चपळाई साधत नाही. तरी १९०७ मध्ये हा धंदा चालवणारी कंपनी बुडाली. हादऱ्यांनी बॅटऱ्या निकामी होत, टायर टिकत नसत, कारभारही धड नव्हता. वेगाने यातले काहीच सावरले नाही.

घरच्या गाड्या मात्र सावकाश चार्ज होत आणि त्याबद्दल फारशी तक्रार नसे. घरात येणारा प्रवाह उलटसुलट वाहणारा, बॅटरीला हवा एकदिश. तो बदल करायला मधे पाऱ्याच्या वाफेचा काचेचा फुगा बसवलेला असे आणि रात्रभर गाडीखान्यात त्याचा निळसर जांभळा उजेड थरथरत राही. घाई करण्यात अर्थही नव्हता, कारण बॅटरी भरत आली की आतले आम्ल बुडबुडू लागते आणि प्रवाह कमी करावाच लागतो. (आजची लिथियमची बॅटरीही ऐंशी टक्क्यांनंतर मंदावते, कारण निराळे, शिस्त तीच.) वीज कंपन्यांना तर रात्रीचे हे गिऱ्हाईक हवेच होते, कारण तेव्हा त्यांची यंत्रे निम्मी रिकामी पडून असत. पेट्रोलच्या गाड्या बनवणाऱ्या खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची गाडी चालवत असे.

मग पेट्रोल का जिंकले? चार्जिंगच्या संथपणामुळेच, असे कोणी म्हणेल. पण १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळे आणि विजेची १,७५० ला. त्याच वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये बटणाचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. शिवाय पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येई, तर अमेरिकेतल्या दहांतल्या नऊ शेतघरांत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वीजच नव्हती. तार नसलेल्या गावात पाच मिनिटांचा चार्जर असून काय उपयोग? अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरात विजेच्या मालमोटारींसाठी बॅटरी बदलून देण्याची सेवा १९२४ पर्यंत चालली, ती ठरलेल्या शहरी फेऱ्यांच्या बळावर.

संथ चार्जिंगवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे: ज्याला स्वतःचा गाडीखानाच नाही त्याचे काय? त्याच्यासाठी वेग महत्त्वाचा, हे मान्यच करावे लागते. लांबच्या प्रवासालाही तो हवाच. पण त्या काळच्या शहरांत अशांसाठी सार्वजनिक गॅरेजे होती. गॅरेजचा माणूस संध्याकाळी घरून गाडी नेई, रात्री धुऊन चार्ज करून सकाळी दारात आणून सोडी. मुंबई-पुण्यात आज अडते तेही रात्रीच्या चार्जिंगच्या जागेपाशीच. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट धरले तरी आठ तासांत चोवीस युनिट मिळतात, म्हणजे दीडशेच्या आसपास किलोमीटर. रोजच्या जाण्यायेण्याला ते पुरून उरतात. फक्त तो सॉकेट पार्किंगच्या खांबावर बसवायला आणि त्याची तार आपल्या मीटरपर्यंत न्यायला सोसायटीच्या कमिटीचा होकार लागतो.