टर्बो सी ते एसडीएल : आपल्या पिढीचं चित्र आणि आवाज

या स्मरणिकेत सरांच्या, बाईंच्या आणि गॅदरिंगच्या आठवणी भरपूर असतील. मी थोडा वेगळा विषय घेते. आपली दहावीची बॅच १९९६ ची. नंतर आपण पांगलो. कुणी इंजिनिअरिंगला गेलं, कुणी पॉलिटेक्निकला, कुणी बीसीसीए केलं, कुणी संगणकाचा नुसता सहा महिन्यांचा कोर्स. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत चार ओळी टाइप करून एक वर्तुळ काढलेलं आहे. त्या वर्तुळाचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवावा असं फार दिवस मनात होतं. त्यात आपल्या नागपूरचा वाटा मोठा आहे.

शाळेपासून सुरुवात करते. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी इंग्लंडमधले बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांना मिळाले. त्या यंत्राच्या बेसिक भाषेत रेघ काढायची आणि सूर वाजवायची आज्ञा भाषेतच दिलेली होती. वेगळं काही जोडावं लागत नसे. आपल्या शाळेपर्यंत तो प्रकल्प आला नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक पहिल्यांदा नीट हाताळला तो कॉलेजात, आणि तोवर बेसिक मागे पडून सी भाषा आली होती.

सी भाषेला स्वतःचं चित्रही नाही आणि आवाजही नाही. ती अक्षरं छापते, आकडेमोड करते, बस्स. चित्र काढायचं तर कुणीतरी आधी लिहून ठेवलेला कोड घ्यावा लागतो. त्यालाच लायब्ररी म्हणतात. अमेरिकेतल्या बोरलँड कंपनीने १९८७ साली टर्बो सी बाजारात आणलं, आणि लवकरच त्याच्या जोडीला बीजीआय म्हणजे बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस नावाची लायब्ररी दिली. आपण ओळखतो ती 'ग्राफिक्स डॉट एच' या नावाने.

ही लायब्ररी भारतातल्या विद्यार्थ्यांना समजेल अशी करून सांगण्याचं काम नागपुरातून झालं. यशवंत कानेटकर सर मुंबईच्या व्हीजेटीआयचे आणि आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. त्यांनी नागपुरात शिकवलं आणि इथूनच पुस्तकं लिहिली. 'लेट अस सी' देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या टेबलावर असायचं. 'ग्राफिक्स अंडर सी' हे त्यांचंच. दोन्ही दिल्लीच्या बीपीबीने काढली. इंग्रजी साधं, मधूनच थट्टेचा सूर, आणि प्रत्येक मुद्द्याला चालणारा छोटा प्रोग्राम. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्यासारख्यांना बारावीनंतर इंग्रजी पुस्तकांची धास्ती वाटायची, ती या पुस्तकांनी घालवली. पुढे नोकरीत तामिळनाडूचे, बंगालचे सहकारी भेटले. नागपूरची आहे म्हटलं की संत्र्यांच्या आधी कानेटकरांचं नाव काढणारे त्यांत होते.

आता ते वर्तुळ. 'इनिटग्राफ' ही आज्ञा आधी संगणकात कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे ते ओळखायची आणि पडदा अक्षरांच्या अवस्थेतून चित्रांच्या अवस्थेत न्यायची. साध्या व्हीजीए पडद्यावर ६४० आडवे आणि ४८० उभे, म्हणजे ३,०७,२०० ठिपके मिळत. रंग फक्त १६. बीजीआय फोल्डरचा पत्ता जरा चुकला की 'बीजीआय एरर : ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड' ही ओळ यायची. ती आपल्या अख्ख्या पिढीला पाठ आहे.

खरी गंमत चित्र हलवण्यात होती. चेंडू पुढे सरकवायचा तर आधीचा पुसायचा, पण पुसताना मागचं चित्रही पुसलं जातं. त्यावरचा उपाय म्हणजे एक्सॉर. एकच चित्र एकाच जागी दोनदा एक्सॉरने उमटवलं की ते नाहीसं होतं आणि मागचं जसंच्या तसं परत येतं. बूलियन बीजगणितात कोरडं वाटणारं ते कोष्टक इथे डोळ्यांनी दिसायचं.

आवाजासाठी 'साउंड' आणि 'नोसाउंड' अशा दोन आज्ञा. साउंडला वारंवारता सांगायची. डब्यातला छोटा स्पीकर एका टायमर चिपवर चालायचा. ती चिप सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मोजते. २४० हर्ट्झचा सा हवा असेल तर त्या आकड्याला २४० ने भागायचं. अपूर्णांक सोडून ४,९७१ येतात, आणि तेवढ्या ठोक्यांनी स्पीकरचं एक आवर्तन पूर्ण होतं. सा २४० धरला की शुद्ध स्वरांच्या गुणोत्तरांनी रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नि ४५० आणि वरचा सा ४८०. हे आठ आकडे ज्याने टाइप केले त्याच्या संगणकाने सरगम म्हटली. मात्र शेवटी नोसाउंड लिहायचं राहिलं तर प्रोग्राम संपला तरी स्पीकर ओरडत राहायचा आणि सगळी लॅब त्या मुलाकडे वळून बघायची.

या सगळ्याला एक मर्यादा होती आणि ती फार उशिरा कळली. वर्तुळ काढता येत होतं, पण ते आत कसं निघतं हे बघता येत नव्हतं. बीजीआयचा आतला कोड आमच्या हातात नव्हता. कंपनीने जेवढ्या आज्ञा दिल्या तेवढ्याच. डॉसचे दिवस सरले, विंडोज आलं, साउंड कार्डं आली, लाखो रंगांचे पडदे आले. बीजीआय डॉसमध्येच राहिली. तिला पुढे नेणं आपल्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं.

जगात दुसरीकडे याच काळात वेगळी वाट तयार होत होती. शॉन हारग्रीव्ह्ज यांनी अटारीच्या संगणकासाठी सुरू केलेली 'अलेग्रो' नव्वदच्या दशकात डॉसवर आली, फुकट आणि कोडसकट. १९९८ साली सॅम लँटिंगा यांनी 'सिंपल डायरेक्टमीडिया लेअर', म्हणजे एसडीएल, लिहायला घेतली. चित्र, आवाज, कीबोर्ड, माउस सगळं एकाच लायब्ररीत, आणि तोच प्रोग्राम विंडोजवरही चालणार, लिनक्सवरही. लँटिंगा पुढे लोकी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीत होते. ती कंपनी विंडोजचे गेम लिनक्सवर आणायची. २००२ साली लोकी बंद पडली. एसडीएल बंद पडली नाही, कारण तिचा कोड सगळ्यांकडे होता. मला या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. एक लायब्ररी मोठ्या कंपनीची असूनही थांबली, दुसरी कंपनी बुडाल्यावरही चालत राहिली. २०१३ मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि २०२५ मध्ये तिसरी.

एसडीएल मी शिकले ती पदवीनंतर, पहिल्या नोकरीच्या दिवसांत. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, तिच्यामुळे लिनक्सची ओळख झाली होती. एसडीएलमध्ये पहिला धडा मिळाला तो पडद्याचा. चेंडू एकेक करून समोर रंगवायचा नाही. पूर्ण दृश्य आधी मागे, स्मृतीत तयार करायचं आणि मग एकदम समोर आणायचं. गॅदरिंगला आपण पडद्यामागे देखावा लावायचो आणि मगच बाई पडदा उघडायला सांगायच्या, तसंच. चित्राचं लुकलुकणं यानेच थांबतं.

आवाजाचा धडा जास्त अवघड आणि जास्त सुंदर. इथे 'वाजव' असं सांगायचं नसतं. साउंड कार्डच तुमच्याकडे परत परत मागतं, पुढचे आकडे द्या. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात. एका वेळी १,०२४ द्यायचे ठरवले तर ते सुमारे २३ मिलिसेकंद पुरतात. तेवढ्यात पुढचे तयार हवेत, नाहीतर आवाज तुटतो. २४० हर्ट्झच्या सा चं एक आवर्तन साधारण १८४ आकड्यांत बसतं. डॉसच्या स्पीकरला एका वेळी एकच सूर यायचा. इथे सा चे आणि प चे आकडे नुसते एकमेकांत मिळवले की दोन्ही सूर एकत्र ऐकू येतात. तानपुऱ्यासारखं काहीतरी वाजवायला मला तीन रविवार लागले. कुठे अडले की लायब्ररीचा कोड उघडून वाचायचे. पुस्तकाने मला प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं. दुसऱ्याचा लिहिलेला मोठा कोड वाचायला मी एसडीएलमुळे शिकले, आणि आजवर माझं पोट या दुसऱ्या गोष्टीवर जास्त चाललं आहे.

एक दुखणं मात्र बरीच वर्षं राहिलं, आपली लिपी. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डातून डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली होती, पण ते कार्ड विकत घ्यावं लागे. एसडीएलच्या अक्षरांच्या लायब्ररीत तर 'विदर्भ' लिहिलं की वेलांटी व च्या पुढे जाऊन बसायची आणि भ वरचा रफार पाय मोडलेला र होऊन वेगळा पडायचा. संगणकात वेलांटी व च्या नंतर साठवलेली असते आणि दाखवायची मात्र आधी असते. तो नियम कुणीतरी लायब्ररीला शिकवावा लागतो. हर्फबझ नावाच्या दुसऱ्या मुक्त लायब्ररीने तो शिकवला. २०२२ च्या आसपास एसडीएलने तिला जोडून घेतलं आणि 'विदर्भ' नीट उमटू लागला. कोड उघडा होता म्हणून हे जोडकाम करता आलं.

टर्बो सी इकडे इतक्या लवकर गेलं नाही. प्रॅक्टिकलच्या फाइली आणि तोंडी परीक्षा त्यावरच बेतलेल्या असल्याने अनेक कॉलेजांत ते २०१० नंतरही चालू होतं. ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा मुलं डॉसबॉक्समध्ये चालवू लागली. योगायोग असा की डॉसबॉक्स स्वतः एसडीएलवर उभा आहे. म्हणजे २०१५ साली एखाद्या मुलीने टर्बो सीमध्ये काढलेलं वर्तुळ पडद्यावर आणलं ते एसडीएलनेच, फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आता तर गुइदो गोंझातो यांची 'एसडीएल बीजीआय' नावाची लायब्ररी आहे. आज्ञा जुन्याच, आत एसडीएल. आपले कॉलेजचे प्रोग्राम कुणी जपून ठेवले असतील तर बरेचसे थोड्या दुरुस्तीने आजच्या लॅपटॉपवर चालतील.

हे सगळं लिहिण्यामागे एक स्वार्थ आहे. शाळेच्या संगणक कक्षात आज आपल्यावेळी नव्हतं ते सगळं आहे, आणि एसडीएलला परवान्याचा एक पैसाही लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना तीन प्रोग्राम शिकवावेत असं मला वाटतं. एक उसळणारा चेंडू, एक सरगम, आणि तिसरा, पडद्यावर मराठीत स्वतःचं नाव. नावात जोडाक्षर असेल तर फारच छान. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. नंदनवनात किंवा आसपास राहणाऱ्या, एका रविवारचे दोन तास देऊ शकणाऱ्या चार जणांची गरज आहे. सी विसरला असाल तरी चालेल, मुलांबरोबर पुन्हा आठवेल. मेळाव्यानंतर पंधरा दिवस मी नागपुरातच आहे. जेवणाच्या वेळी मला गाठा.